कडकडीत बँड

जहाजबांधणी कामगारांच्या आमच्या युनियनचा इतिहास छापायचं ठरलंय, म्हणून इतिहास समितीतले दोघे परवा माझ्याकडे आले. दोघेही गोड बोलणारे, हातात फायली. चहा घेऊन झाल्यावर त्यातला एक हळूच म्हणाला, "काकू, जुन्या इतिवृत्तात एक ठराव सापडलाय. 'सोमवारपासून गेटवर कडकडीत बँड.' तिथे 'बंद' असणार ना? छापताना आम्ही तेवढं दुरुस्त करून घेतो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हात तर लावून बघा त्या शब्दाला! त्या एका शब्दापायी माझ्या सासऱ्यांची अब्रू टांगणीला लागली होती, सगळं यार्ड त्याच्या तालावर नाचलं होतं, आणि हे निघालेत शुद्धलेखन तपासायला. दोघांनी कप खाली ठेवले आणि काढता पाय घेतला. जिना उतरताना एक जण पुटपुटला, "म्हातारी भलतीच तिखट आहे." पुटपुटू दे. मला अजून सगळं ऐकू येतं, आणि आमच्या घरात ही काही सगळ्यांना जमणारी गोष्ट नव्हती.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, यार्डात रिवेट, म्हणजे पत्रे जोडायचे जाड खिळे, ठोकायचे. भट्टीत लालभडक केलेला रिवेट जहाजाच्या पत्र्यातल्या भोकात घालायचा आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून, आळीपाळीने घण घालून त्याचं डोकं बसवायचं. एक बसला की दुसरा. दिवसभर हेच. रिकाम्या जहाजाच्या पोटात उभं राहून हे काम चालतं तेव्हा आत काय आवाज होत असेल, याची बाहेरच्या माणसाला कल्पना यायची नाही. मोठ्या पातेल्यात डोकं घाला आणि वरून कुणाला तरी बडवायला सांगा, म्हणजे थोडंफार समजेल.

पण यार्डात त्यांना रिवेटवाला म्हणून कुणी ओळखत नसे. सगळे त्यांना 'दौत' म्हणत. कारण मामंजी युनियनचे चिटणीस होते आणि शाईची दौत कायम खिशात बाळगायचे. झाकण नीट बसत नसे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाला छातीवर निळा डाग असे. सासूबाई म्हणायच्या, "गर्दीत हरवला तरी सापडेल, डाग बघून आणतील लोक घरी."

शाळा त्यांची लहानपणीच सुटली होती. अक्षरं त्यांनी गिरवली ती यार्डातल्या पत्र्यांवर खडूने लिहिलेल्या खुणा बघून. त्यामुळे त्यांचं अक्षर मोठं, ठसठशीत आणि एका रेषेत, जणू प्रत्येक अक्षर ठोकून बसवलंय. अशा माणसाला युनियनने चिटणीस केलं, स्वतंत्र खुर्ची दिली, इतिवृत्ताची वही दिली. मामंजींना आकाश ठेंगणं झालं ते कायमचं. सभेच्या दिवशी ते कुणाला इस्त्रीला हात लावू देत नसत. स्वतः शर्ट कडक करायचे, भांग पाडायचे, पुन्हा मोडून पुन्हा पाडायचे. सासूबाई दारातून बघत राहायच्या आणि मला म्हणायच्या, "आमच्या लग्नात एवढा नटला नव्हता गं हा माणूस."

युनियनचा एक नियम होता आणि तो मामंजींना प्राणाहून प्यारा. वहीत एकदा लिहिलं, सभेत मोठ्याने वाचलं, हात वर झाले आणि अध्यक्षांची सही पडली, की खाडाखोड बंद. मामंजींच्या आधीच्या कुठल्याशा चिटणिसाने कंपनीच्या सांगण्यावरून एक ओळ गुपचूप खोडली होती, म्हणून हा नियम. लिहिलं ते झालं आणि झालं ते करायचं. दुसरा नियम असा की चिटणिसाने सभेतलं सगळं ऐकावं आणि ऐकलेलं सगळं लिहावं. या दुसऱ्या नियमाने आमचा घात केला.

मी त्या घरात लग्न होऊन आले ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. माझ्या माहेरी सगळे कुजबुजत बोलायचे, कारण बाबांना टिकटिक ऐकून रोग ओळखावा लागे. आणि सासर कसलं, तर रणांगण! पहिल्या दिवशी सकाळी मला वाटलं स्वयंपाकघरात मारामारी चाललीय. धावत गेले तर सासूबाई आणि माझा नवरा साखर संपल्याबद्दल बोलत होते, तेही प्रेमाने. नवरा वेल्डर, दीर फिटर, सगळेच यार्डातले. त्या घरात 'मीठ दे' हे वाक्यसुद्धा समुद्रावरून हाक मारल्यासारखं यायचं.

मी आपली हळू आवाजात विचारायची, "मामंजी, चहा ठेवू?" उत्तर नाही. "मामंजी, जेवायला वाढू?" उत्तर नाही. मला वाटलं, सून पसंत पडलेली दिसत नाही. मोरीत जाऊन रडायचे. एकदा ते पाठमोरे बसून लिहीत होते आणि माझ्या हातून पितळी घागर त्यांच्या अगदी मागे आदळली. खालच्या मजल्यावरचे वर आले विचारायला. मामंजी मात्र शांतपणे टाक दौतीत बुडवत होते.

सासूबाईंनी मला आत ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाल्या, "कळलं ना? बाहेर बोलायचं नाही. तो ओठ वाचतो. समोर येऊन बोललीस तर सगळं समजतं. युनियनला कळलं की त्याला काहीच ऐकू येत नाही, तर वही काढून घेतील. आणि वही गेली तर हा माणूस जगायचा नाही."

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? कुणाच्या येणार? त्या सभेत बसलेल्या निम्म्या लोकांची तीच गत होती. प्रत्येकाला वाटायचं, आपणच तेवढे बहिरे, बाकी सगळ्यांना छान ऐकू येतंय. मग प्रत्येक जण मान डोलवायचा, पुढच्या रांगेने हात वर केले की आपणही करायचा आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा, फार उत्तम सभा झाली.

आता बँडचं. युनियनची मागणी साधी होती: कानात घालायला रबरी बुचं द्या. मॅनेजरने उत्तर पाठवलं की आवाजाबद्दल आमच्या कानावर काहीही आलेलं नाही. त्यावर सभा बोलावली. अध्यक्ष होते क्रेनवाले. वर उंच बसायची सवय, त्यामुळे बोलतानाही ते छताकडे बघून बोलायचे. ते टेबलावर मूठ आपटून गरजले, "मागणी मान्य झाली नाही तर सोमवारपासून गेटवर बंद! कडकडीत बंद!"

आता तुम्ही आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता आधी 'बंद' म्हणा, मग 'बँड' म्हणा. बघा काही फरक दिसतोय का. मामंजींनाही दिसला नाही. पण नुसतं एवढंच नाही, त्यांना तो विचार मनापासून पटला! साहेबाच्या कानावर काही येत नाही ना, मग आणू या त्याच्या कानावर. त्यांनी आनंदाने लिहिलं: 'सोमवारपासून गेटवर कडकडीत बँड.' प्रथेप्रमाणे उभं राहून मोठ्याने वाचलं. पुढची रांग नेहमीच मंजुरीच्या मूडमध्ये असायची, तिने हात वर केले. मागच्यांनी पुढच्यांकडे बघून केले. ज्यांचे कान शाबूत होते ते वाचन सुरू होताच चपला शोधायला लागले होते. अध्यक्ष चष्मा विसरले होते, त्यांनी अंदाजाने सही ठोकली. लगोलग नोटीस टाइप झाली, एक प्रत कंपनीला गेली, एक गेटवर चिकटली.

मामंजी घरी आले ते शीळ घालत. "या वेळी अध्यक्षाने काय डोकं लढवलंय!" ते म्हणाले. आम्हांला काही अर्थबोध होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरची नोटीस सगळ्यांत आधी वाचली रंगाऱ्याने. हा जहाजांची नावं रंगवणारा माणूस. त्याचं काम शांततेचं, त्यामुळे कान शाबूत आणि अक्षरांवर नजर घारीची. तो आधी हसला, मग त्याने आणखी चौघांना बोलावून दाखवलं आणि मग त्याचं हसू मावळून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण मामंजींवर त्याचा जुना राग होता. तो प्रत्येक सभेत तावातावाने बोलायचा, पण वहीत त्याचं एकही वाक्य उतरलेलं नव्हतं. दर वेळी मामंजी एवढंच लिहायचे: 'या विषयावर रंगाऱ्यांनी मौलिक विचार मांडले.' कोणते विचार, काय मौलिक, पत्ता नाही.

"चिटणिसाला ऐकू येत नाही!" तो गेटवर उभा राहून ओरडला. "मुद्दाम नाही, चुकून नाही, या माणसाला ऐकूच येत नाही! याला बदला!"

त्या दिवशी यार्डात हलकल्लोळ माजला. नोटीस बदलावी, तर खाडाखोडीचा नियम आडवा. नव्याने नोटीस द्यावी, तर पुन्हा मुदत पाळायला हवी. नोटिशीशिवाय बंद केला, तर कंपनी बेकायदा म्हणून सगळ्यांना घरी बसवणार, मॅनेजर टपूनच होता. त्याने नोटिशीखाली स्वतः टीप लिहून पाठवली होती: 'आम्ही उत्सुक आहोत.' अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. आणि रंगाऱ्याने रीतसर ठराव दिला की पुढच्या सभेत चिटणीस बदलण्यात यावा.

मामंजी घरी येऊन खाटेवर बसले. जेवले नाहीत. दौत खिशातून काढून त्यांनी खिडकीत ठेवली. सासूबाई समोर जाऊन बसल्या तरी मान वर करेनात, म्हणजे त्यांना कुणाचंच बोलणं बघायचं नव्हतं. मग आपणच म्हणाले, "जहाजाच्या पोटात मी कोणीही नसतो. तिथे घण उचलणारा कुणीही चालतो. त्या खुर्चीवर मी कुणीतरी असतो. आता तीही गेली."

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. रंगाऱ्याचा, मॅनेजरचा, त्या मान डोलावणाऱ्या सगळ्या घोळक्याचा. आयुष्यभर कुजबुजलेली मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "मग बँडच करायचा! लिहिलंय ना बँड? मंजूर झालंय ना? करा बँड!"

नवरा दचकून स्टुलावरून पडला. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. मामंजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "समजलं," ते म्हणाले, "एवढी ओरडू नकोस, शेजारी झोपलेत." दुपारची वेळ होती, शेजारी टक्क जागे होते आणि भिंतीला कान लावून ऐकत होते. संध्याकाळपर्यंत वसाहतभर झालं की चिटणिसाची सून म्हणते, बँडच करायचा.

लोकांना हवंच होतं काहीतरी. अध्यक्षांना तर बुडत्याला हात मिळाल्यासारखं झालं. रविवारी सकाळी वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत सगळे जमले. वाद्यं? वाद्यं कुणाकडे होती! पण यार्डातून बाद झालेले पत्रे होते, घण होते, पाइपफिटरांकडे वेगवेगळ्या लांबीचे पाइप होते, ते फुंकले की हत्तीला सर्दी झाल्यासारखा आवाज निघायचा. सुताराने करवत वाकवून तिच्यातून रडका सूर काढला. सासूबाई शेजारणींना गोळा करून पातेल्यांची झाकणं घेऊन आल्या. दिराने जुना भोंगा आणला, तो मध्येच आपोआप वाजायचा आणि थांबायचं नाव घ्यायचा नाही.

पहिला प्रयत्न इतका भयंकर झाला की रस्त्यावरची सगळी कुत्री शेपूट घालून पळाली. प्रत्येक जण आपलंच वाजवत होता, कारण दुसऱ्याचं ऐकूच येत नव्हतं. मग मला एक गोष्ट सुचली. हे लोक आळीपाळीने घण घालतात तेव्हा कान कुठे वापरतात? समोरच्याच्या हाताकडे बघतात. यांना ताल कानाने नाही, डोळ्याने कळतो. मी एका उलट्या खोक्यावर चढले, हातात लाकडी पळी घेतली आणि ओरडले, "माझ्या पळीकडे बघा!" घड्याळवाल्याची मुलगी मी. ठेका धरायचं मला कुणी शिकवायला नको होतं.

पळी खाली आली आणि सगळ्या रिवेटवाल्यांचे घण एका दमात पत्र्यावर बसले. डाव्या हाताचे, मग उजव्या हाताचे. धाड, धाड, धाड, धाड. एकही ठोका इकडचा तिकडे नाही! पाइपवाल्यांनी मध्ये हत्ती सोडले, झाकणं झणझणली, करवत रडली. मामंजी पहिल्या रांगेत घण घेऊन उभे होते आणि लहान मुलासारखे हसत होते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण पत्र्याची थरथर तळपायातून वर येत होती ना! सुतार तर मला म्हणाला, "वहिनी, ही पळी आता स्वयंपाकाला वापरायची नाही हं."

सोमवारी यार्डाच्या भोंग्याआधी आम्ही गेटवर हजर. कामाची वेळ सोडून वाजवायचं ठरलं होतं, म्हणजे कुणाला बेकायदा म्हणायची सोय नाही: सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर. मॅनेजर गाडीतून उतरला तो हसत, टाळ्या वाजवत. "वा, वा," म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत त्याने खिडकी लावून घेतली. मंगळवारी खिडकीला जाड पडदा आला. बुधवारी ऑफिसातले कारकून पत्र्याच्या तालावर टाइप करायला लागले आणि कंपनीची सगळी पत्रं चुकीच्या माणसांना गेली. समोरच्या दुकानदाराने दुकानापुढे खुर्च्या टाकून प्रेक्षकांची सोय केली. शाळेतली मुलं वाट वाकडी करून गेटवरून जायला लागली.

गुरुवारी दुपारी मॅनेजर बाहेर धावत आला. चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले. बँडच्या पुढ्यात उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "बंद करा! बंद करा! कडकडीत बंद करा!"

पहिल्या रांगेने त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं. चेहरे आनंदाने उजळले. साहेब म्हणतोय, बँड करा! कडकडीत बँड! अहो, मग काय विचारता! घण असे उठले की पत्र्यांना पोचे आले, सासूबाईंच्या हातातल्या झाकणाचा कान तुटून उडाला, भोंग्याला तर वेडच लागलं. मला सगळं नीट ऐकू येत होतं, पण मी पळी थांबवली नाही. कोण थांबवेल? माझ्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं.

मॅनेजरने कानात बोटं घातली. भागेना. मग त्याने शिपायाला खुणेने कापूस मागितला आणि सगळ्या यार्डासमोर दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले. मी तत्क्षणी पळी वर धरली. घण हवेत थांबले. इतकी शांतता झाली की सुताराच्या पोटातली गुरगुर मला ऐकू आली.

अध्यक्ष पुढे झाले, कापसाकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, आम्ही एवढंच मागतोय."

आणि मॅनेजर कानात बोळे ठेवून म्हणाला, "काय म्हणालात?"

त्यानंतर जो हशा झाला त्यावर कुठली पळी चालली नाही. ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना शेजारच्यांनी खुणा करून सांगितलं, मग ते हसले, मग त्यांना बघून आधीचे पुन्हा हसले. मॅनेजरही शेवटी कापूस काढून फिसकन हसला आणि म्हणाला, "बुचं देतो. उद्यापासून देतो. पण हे थांबवा."

बुचं आली. यार्ड खूश, वसाहत खूश. पण आमच्या घरावरची टांगती तलवार काही हलली नव्हती. बँड जिंकला म्हणून चिटणीस वाचला असं थोडंच होतं? उलट आता सगळ्यांनाच माहीत झालं होतं की 'बँड' कुठून आला. सभा भरली तेव्हा आम्ही बायकाही मागे जाऊन उभ्या राहिलो, आम्हांला अडवायची आता कुणाची छाती नव्हती.

रंगारी उठला. जुन्या वह्या त्याने आधीच चाळून ठेवल्या होत्या. "हसण्यावारी नेऊ नका," तो म्हणाला. "जेवणघरात बाक ठेवावा, असा आपण ठराव केला होता. चिटणिसांनी लिहिलं, जेवणघरात पाक ठेवावा! नियमाप्रमाणे कंपनीने साखरेच्या पाकाची बरणी ठेवली. आज इतकी वर्षं आपण उभ्याने जेवतोय आणि ती बरणी कशाला आहे हे कुणाला माहीत नाही!"

सभा खदखदली. मी ओठ चावून उभी होते, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. आणि मग त्याचा आवाज एकदम बदलला. "मी या सभेत सगळं आयुष्य बोललो. माझं एक वाक्य, एक तरी वाक्य या वहीत दाखवा. मी उद्या मेलो तर युनियनमध्ये मी काय म्हणायचो हे कुणाला कळणार नाही. 'मौलिक विचार'! अहो, निदान एकदा तरी लिहा काय ते!" मला त्याचा राग धरून ठेवता येईना, आणि याचाच मला राग आला.

मामंजींनी शेजारच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी तोंड वळवून सगळं सावकाश पुन्हा सांगितलं. मामंजी उठले. टेबलाला धरून म्हणाले, "रंगारी म्हणतात ते खरं आहे. मला ऐकू येत नाही. कित्येक वर्षं येत नाही. वही जाईल म्हणून लपवलं. मी ओठ बघून लिहितो." मग ते रंगाऱ्याकडे वळले. "तुमचं सगळं लिहायचं फार मनात होतं. पण तुमचे ओठ मला कधी दिसलेच नाहीत."

सगळ्या सभेने वळून रंगाऱ्याच्या मिशीकडे पाहिलं. आणि काय ती मिशी! वरच्या ओठावरून सुरू होऊन खालचा ओठ गिळून हनुवटीपर्यंत पोचलेली. रंगाचा थेंब उडू नये म्हणून काम करताना तो तिच्यावर फडकं बांधायचा. तिच्यामागे तोंड आहे हे केवळ जेवताना सिद्ध व्हायचं. सभागृहातल्या निम्म्या पुरुषांचा हात नकळत आपापल्या मिशीकडे गेला.

"मला वाटायचं, एवढा पोटतिडकीने बोलतोय म्हणजे विचार मौलिकच असणार," मामंजी म्हणाले. "म्हणून तसं लिहायचो."

कुणी हसलं नाही. मग मागून एक भट्टीवाला उठून म्हणाला, "मलाही ऐकू येत नाही." त्याच्या शेजारचा म्हणाला, "हा काय म्हणाला?" आणि त्याला सांगितल्यावर तोही म्हणाला, "मलाही." मग जिकडेतिकडे हात वर व्हायला लागले, आणि या वेळी कुणी पुढच्या रांगेकडे बघून हात वर केला नाही. तरी चिटणीस बदलायच्या ठरावावर चर्चा झाल्यावर नियमाप्रमाणे आठवडा जाऊ द्यावा लागे, त्यामुळे मतदान पुढच्या सभेला ठेवलं.

तो आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. मामंजी कामावर जायचे, यायचे, खिडकीतल्या दौतीकडे बघायचे नाहीत. सासूबाईंनी मीठ दोनदा घातलं आणि कुणी काही बोललं नाही.

पुढच्या सभेला मामंजींनी शर्टाला इस्त्री केली नाही, तेव्हा मी हिसकावून घेतला आणि केली. वही घेऊन ते खुर्चीवर बसले, ती शेवटची म्हणूनच. सभागृह गच्च भरलेलं. अध्यक्षांनी विचारलं, "रंगारी आले का?" कुणाला दिसेना. इतक्यात मधल्या वाटेने एक अनोळखी माणूस पुढे आला. नाकाखालचा भाग पांढराफटक, बाकी चेहरा उन्हाने रापलेला. लोक एकमेकांना विचारायला लागले, हा कोण, कंपनीचा माणूस आहे का? त्याची बायको आमच्याशेजारी उभी होती, ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "सकाळी मी दारातून हाकललं होतं यांना, वाटलं भलताच कुणी घरात शिरतोय."

रंगारी टेबलापाशी जाऊन बरोबर मामंजींच्या समोर उभा राहिला. त्याला इतके पातळ, नाजूक ओठ असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "चिटणीस बदलायचा माझा ठराव मी मागे घेतो. वही तुमच्याकडेच राहू द्या. बोलणाऱ्याने पुढे येऊन तुमच्या समोर उभं राहून बोलावं."

मामंजींनी दौत कुठे म्हणून खिसा चाचपला. ती मी आणली होती. मागून पुढे हातोहात गेली. रंगाऱ्याच्या तोंडावरून नजर न काढता त्यांनी टाक बुडवला आणि लिहायला घेतलं. सगळं सभागृह त्या टाकाकडे बघत होतं.

मग प्रथेप्रमाणे ते वही घेऊन उभे राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले, "रंगारी म्हणाले," आणि तिथेच त्यांचा आवाज फुटला. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा सुरुवात केली आणि एकही अक्षर न गाळता शेवटपर्यंत वाचलं.

रंगारी आपल्या उघड्या ओठावर हात ठेवून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने हात खाली घेतला, मामंजींना नीट दिसेल असं तोंड केलं आणि म्हणाला, "पुन्हा एकदा वाचता का?"

मामंजींनी पुन्हा वाचलं.